एकतिसावी

कारखाना कायद्याचं अठ्ठेचाळिसावं कलम मला नोकरीला लागण्याआधीपासून पाठ होतं. ज्या कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील, तिथं त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर असलंच पाहिजे, असं ते कलम होतं. १९७६ पर्यंत हा आकडा पन्नास होता, दुरुस्तीनंतर तीस झाला. इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये शिकताना मी वहीत त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. कायदा आईच्या अंगणात एक पाऊल पुढं आला, असं मला वाटलं होतं.

त्या कलमाचा दुसरा अर्थ कळायला २००९ साल उजाडावं लागलं. पीथमपूरला आमच्या कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनत. मी तिथं कामगार कल्याण अधिकारी. नव्या लाइनसाठी भरती झाली होती आणि यादी सहीसाठी घेऊन मी प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी नावं वाचली नाहीत, पेनच्या टोकानं मोजली. मग नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "लेडीज तीस पर रोक दीजिए, मैडम."

जुन्या आणि नव्या मिळून एकतीस होत होत्या. मी केबिनबाहेर आले, टेबलाशी बसले आणि शेवटचं नाव खोडलं. बागलीकडची मुलगी होती, कडेवर दोन वर्षांचा मुलगा घेऊन मुलाखतीला आली होती. तिला मी काय कारण सांगितलं ते आज आठवत नाही. आठवत नाही याचंच जास्त वाईट वाटतं.

माझे वडील मिलच्या टाइम ऑफिसात होते. इंदूरच्या मराठी वस्तीत तेव्हा घरटी एक तरी माणूस मिलमध्ये, नाहीतर सरकारी कचेरीत असायचा. हजेरीपुस्तकं सांभाळणं हे वडिलांचं काम. रीलिंग आणि वाइंडिंग खात्यातल्या बायकांबद्दल ते एक गोष्ट सांगत. त्यांना कुणी काढून टाकलं नाही, कुणी संपाला उभं केलं नाही. एक म्हातारी होऊन घरी बसली की तिच्या ओळीत पुरुषाचं नाव यायचं, एवढंच. वीसेक वर्षांत पानंच्या पानं बदलली. मुंबईतही तेच झालं. तिथल्या गिरण्यांत १९२०च्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला, रात्रीच्या कामावर बंदी आधीपासून होती, नवी यंत्रं आली. हे कायदे व्हायलाच हवे होते. पण त्यांचा खर्च एकट्या मालकाच्या खात्यावर टाकला आणि मालकानं सरळ हिशेब केला. तो हिशेब वडिलांच्या हजेरीपुस्तकात उमटत राहिला. माझ्या खोडलेल्या नावानं मी त्याच वहीत एक ओळ घातली होती.

मी स्वतः १९९० मध्ये लागले तेव्हा चारशे माणसांच्या कारखान्यात एकटी बाई होते. रामबागेतून सकाळी सव्वासहाला निघायचं, महू नाक्यावर कंपनीची बस पकडायची, राऊवरून पीथमपूर. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट माझी. माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि मागं माणसं उभी असायची. कुणी मला वाईट बोललं नाही. मला "मैडम" म्हणत, आणि मी आले की बोलणं थांबायचं.

बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं. कायद्यात ते आहे, पण कामावर बाई असेल तर. आणि मी लागले त्या दिवशी ते बांधायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गेटबाहेर अर्ध्या किलोमीटरवर कंपनीचं गेस्ट हाऊस होतं, त्याची चावी सिक्युरिटीकडे. चावी मागायची म्हणजे चार पुरुषांसमोर आपली गरज बोलून दाखवायची. मी सकाळी चहा सोडला, मग पाणी सोडलं. उन्हाळ्यात माळव्याची लू सुरू झाली की ओठ फुटायचे. दुसऱ्या वर्षी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि आठ दिवस रजा घ्यावी लागली. रजेच्या अर्जावर मी ताप लिहिलं. सतरा महिन्यांनी जिन्याखाली एक खोली मिळाली. ती माझ्या मागणीमुळे मिळाली नाही. परदेशी ग्राहकाच्या पथकात एक बाई तपासणीला येणार होत्या, म्हणून मिळाली.

हे सगळं सोसलेल्या माणसानं पुढच्या मुलीवर तेच ओढवू नये. मी ओढवलं.

१९९८ मध्ये मी हट्टानं लाइनवर पहिली मुलगी घेतली. आयटीआय केलेली, इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये उत्तम गुण, वडील राऊला सायकलदुरुस्ती करायचे. केवढा आनंद झाला होता मला. तिचा फोटो नोटीस बोर्डवर लावला, आठ मार्चला तिच्या हातून दीप लावला. मी समजत होते की दार उघडलं.

हार्नेसचं काम असं असतं. मोठ्या तिरक्या बोर्डवर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यामधून वायरी अंथरत न्यायच्या, टोकांना टर्मिनल क्रिंप करायचे, कनेक्टरमध्ये बसवायचे, टेप गुंडाळायची. क्रिंप सैल राहिला की ओढून पाहण्याच्या चाचणीत वायर निघून येते आणि तुकडा रिजेक्ट होतो. नव्या माणसाकडून असे तुकडे पडतातच. तिच्या बरोबरीनं लागलेल्या मुलाकडून पडले की शिफ्टवाले त्याचं नाव घेऊन ओरडायचे. तिच्याकडून पडले की म्हणायचे, लेडीजचा हात हलका असतो. त्या मुलाची चूक त्याची एकट्याची होती. हिची चूक पृथ्वीवरच्या सगळ्या बायकांची व्हायची. आणि तिनं काम अचूक केलं की ते मात्र हिचं एकटीचं, ही जरा वेगळी आहे म्हणून.

ती जेवायला माझ्या ऑफिसात यायची. मला वाटायचं, किती मोकळेपणानं येते. कॅन्टीनमध्ये शंभर पुरुषांत एकटीनं डबा उघडणं तिला जमत नव्हतं, हे मी विचारलंच नाही. चौथ्या महिन्यात राजीनामा ठेवला. मी समजावत राहिले, तू गेलीस तर पुढच्या मुलींना कोण घेईल, असंही म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मैडम, आपने मुझे अकेली क्यों रखा?"

पुढं सहा वर्षं कुणी बाई लाइनवर घेतली नाही. "एक बार करके देखा था," असं उत्तर तयार होतं. एकीनं सोडलं होतं आणि दार सगळ्यांसाठी लागलं होतं.

इंदूरला याचा विचार करताना अहिल्यादेवी समोर येतातच. विद्यापीठाला त्यांचं नाव, विमानतळाला त्यांचं नाव. ३१ मे २०२५ ला, त्यांच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकांनाही अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई, झलकारीबाई अशी नावं दिली. पहिला आठवडा तिकीट माफ होतं. मी मैत्रिणींबरोबर बसून आले आणि फलक वाचताना भरून आलं. अहिल्यादेवींनी जवळजवळ तीस वर्षं राज्य केलं, महेश्वरला विणकर वसवले, न्यायनिवाडे केले. आमच्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून इंदूरमधून आठ वेळा लोकसभेवर गेल्या, २०१४ ते २०१९ सभापती होत्या. हिंदीभाषक शहरानं एका मराठी बाईला तीस वर्षं ताई म्हटलं. मला या दोघींचा मनापासून अभिमान आहे. पण कारखान्यात मी कित्येकदा ऐकलं, की आमच्या शहरात बायकांना काय कमी, हे तर अहिल्येचं गाव आहे. थोर एकटीचं नाव घेतलं की साध्या दुसरीची आणि तिसरीची चौकशी करायची राहून जाते. माझ्या नोटीस बोर्डवरच्या फोटोनंही तेच केलं होतं.

म्हणून २००४ मध्ये नवी लाइन आली तेव्हा मी एकच अट घातली. घ्यायच्या तर बारा घ्या, एकाच दिवशी, एकाच लाइनवर. नाहीतर एकही नको. वरिष्ठांना ते विचित्र वाटलं, पण भरतीची घाई होती आणि आयटीआय झालेली मुलं गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांकडे जात होती. बारा जणी आल्या. आधी स्वच्छतागृह बांधून घेतलं, लाइनपासून चाळीस पावलांवर. मी पावलं मोजली होती. बसमध्ये पुढच्या सीटा राखायला मी नकार दिला. बारा बायका असल्या की त्या हव्या तिथं बसतात.

फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. एकीचा तुकडा रिजेक्ट झाला तर शेजारची हसून म्हणायची, दे इकडे, दाखवते. लेडीजचा हात वगैरे बोलणं आपोआप विरलं, कारण बारा हात बारा तऱ्हांचे निघाले. कुणी झपाट्याची, कुणी सावकाश पण बिनचूक, एक तर साफ आळशी. ती आळशी मुलगी मला फार प्रिय होती. तिच्या आळसाचा दोष इतर अकरांना लागला नाही, याचं समाधान मी कुणाला सांगू शकले नसते.

पण बारा जणी आल्या म्हणजे सगळ्या एकमेकींच्या झाल्या असं नाही. त्यांत एक धार जिल्ह्यातली भिलाला आदिवासी घरची मुलगी होती आणि एक महूची, आंबेडकरांना मानणाऱ्या कुटुंबातली. महू बाबासाहेबांचं जन्मगाव, तिच्या घरात तो अभिमान होता. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, की पाण्याच्या माठाशेजारी दोन ग्लास वेगळे ठेवलेले असतात. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. मी चिडून सगळ्यांना उभं करून बोलले. ग्लास एकत्र झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून जिनं तिनं घरून बाटली आणायला सुरुवात केली. माझं बोलणं फुकट गेलं होतं. महूची मुलगी बोलकी आणि निर्भीड होती, ती स्वतःचं बघून घेत होती. भिलाला मुलगी मात्र माळवीही अडखळत बोलायची, आणि बारा जणींत ती तेवढीच एकटी होती जेवढी राऊची मुलगी चारशे जणांत. मी पुन्हा तीच चूक केली होती, फक्त आता बायकांच्या घोळक्यात.

पुढच्या भरतीत त्याच पट्ट्यातल्या चार मुली घेतल्या. इंदूरला १९८५ पासून बरली संस्था आदिवासी मुलींना शिवणकाम, आरोग्य, अक्षरओळख शिकवते. तिथं जाऊन मी त्यांच्याशी कसं बोलायचं ते थोडं शिकून आले. पाच जणी झाल्यावर पहिलीचा आवाज आम्ही प्रथमच ऐकला. गाणं म्हणायची ती बोर्डवर काम करताना. वर्षभरात तिच्या बोर्डवर रिजेक्शन सगळ्यांत कमी येऊ लागलं आणि नव्या मुलींना क्रिंपिंग शिकवायचं काम तिच्याकडे आलं. जिच्याकडून काम शिकायचं तिच्या हातचं पाणी टाळणं अवघड जातं. बाटल्या राहिल्या, पण त्या एकमेकींच्या तोंडाला लागू लागल्या.

पुरुष कामगारांची तक्रार वेगळी होती आणि ती खोटी नव्हती. कारखाना तीन पाळ्यांत चालायचा. तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवता येत नसे. म्हणजे रात्रपाळी सोडाच, दुपारची पाळीही अर्धीच होई. सगळ्या बायका कायम सकाळच्या पाळीत आणि पुरुषांची सकाळची पाळी दोन आठवड्यांऐवजी महिन्यानं यायला लागली. युनियनचे एक मराठी कार्यकर्ते, वयानं माझ्या वडिलांएवढे, मला म्हणाले, "ताई, बायकांना घ्या, ना नाही. पण आमच्या पोरांची झोप कुणाच्या हिशेबात धरता?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

आणि त्याच नियमाचा बायकांवर झालेला परिणाम मला फार उशिरा दिसला. लाइन लीडर व्हायचं तर तिन्ही पाळ्यांचा अनुभव हवा, अशी आमच्याकडे अट होती. कुणी बायकांना डावलायला केलेली नव्हती ती. कारखाना सुरू झाला तेव्हापासून होती. पाच वर्षं उत्तम काम केलेली बाई अर्ज करायची आणि छाननीत गळायची. कायद्यानं रात्री येऊ द्यायचं नाही, आणि नियमानं रात्री न आल्याची शिक्षा. ती अट बदलायला मला दोन वर्षं लागली. आम्ही पाळ्यांच्या जागी कामांची यादी केली: किती मॉडेलचे बोर्ड येतात, बिघाड झाल्यावर लाइन कशी उभी करायची, पाळी बदलताना वही कशी सोपवायची. गंमत म्हणजे या यादीचा फायदा पुरुषांनाही झाला, कारण नुसती वर्षं भरून लीडर होणं बंद झालं. सकाळच्या पाळीचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. दुपारची एक छोटी पाळी सातला संपणारी काढली, थोडा भार हलका झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि बाईच्या संमतीनं, सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली झाली. मी तोवर निवृत्त झाले होते. संमती हा शब्द वाचून मला आधी बस आठवली. पीथमपूरच्या रस्त्यावर रात्री अकराला दारापर्यंत सोडणारी बस असेल तर ती संमती.

बाळंतपणाचा विषय निघाला की सुपरवायझर मंडळी एकच वाक्य बोलत: पगार आपण द्यायचा आणि काम दुसऱ्यानं करायचं. एकदा मी त्यांच्यासमोर कागद मांडला. आमच्या लाइनवरच्या सगळ्या मुली कर्मचारी राज्य विमा योजनेत होत्या. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेचे पैसे विमा महामंडळ देतं, कारखाना नाही. कारखान्याची वर्गणी पगाराच्या ठरावीक टक्के असते, आज ती सव्वातीन टक्के आहे, आणि ती पुरुषाच्या पगारावरही तेवढीच जाते. बाई घेतली म्हणून एक रुपया वाढत नाही. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसांना हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसताना त्यांनी कितीतरी नावं बाजूला ठेवली होती. विम्याच्या पगारमर्यादेवरच्या ऑफिसातल्या मुलींचं मात्र वेगळं. त्यांच्या रजेचा भार मालकावर, आणि २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली तेव्हा मुलाखतीत लग्नाची चौकशी वाढलेली मी पाहिली. चांगला कायदा होता. खर्च वाटून घ्यायचं तेवढं राहून गेलं.

आता जे सांगायचं आहे ते मी फार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१० मध्ये एक मुलगी माझ्याकडे आली. स्टोअरमधला एक वरिष्ठ माणूस तिच्याशी कसा वागतो ते तिनं हळूहळू सांगितलं. राजस्थानात भंवरीदेवी नावाची साथिन, म्हणजे सरकारी ग्रामकार्यकर्ती, बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर अत्याचार झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयानं विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मी ती वाचली होती. त्यांत स्पष्ट होतं की बदली हवी असेल तर स्वतःची की त्या माणसाची, हे ठरवायचा हक्क तिचा. मी काय केलं? तिच्या काळजीपोटी तिला दुसऱ्याच दिवशी पॅकिंगमध्ये हलवलं. तिला विचारलं नाही. तो माणूस जिथं होता तिथं राहिला. पॅकिंगचं काम कमी कौशल्याचं, तिचा भत्ता गेला, मैत्रिणी दुसऱ्या शेडमध्ये राहिल्या. दोन महिन्यांत सगळ्या कारखान्यात एक गोष्ट पक्की झाली, की तक्रार केली की पॅकिंगला पाठवतात. त्यानंतर तीन वर्षं माझ्याकडे एकही तक्रार आली नाही, आणि वार्षिक बैठकीत मी ते अभिमानानं सांगितलं.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती, अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. चौकशी चालू असताना बदली करायची ती तिनं लेखी मागितली तर. ते कलम वाचलं तेव्हा माझे हात थंड पडले. समिती झाली, मी अध्यक्ष. बाहेरचा सदस्य म्हणून कंपनीची कामगार प्रकरणं पाहणाऱ्या वकीलबाई घेतल्या. ओळखीच्या, हुशार, वेळेवर येणाऱ्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि तो आमच्याच गावचा होता. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेतल्या मुख्य व्यवस्थापक असलेल्या एका बाईंनी दारूच्या ठेकेदारांच्या खात्यांतल्या अनियमिततेबद्दल वरिष्ठांना लिहिलं होतं, लैंगिक छळाची तक्रारही केली होती. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत झाली. त्या चौथ्या श्रेणीच्या अधिकारी, ती शाखा पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची. न्यायालयानं म्हटलं, ही बदली म्हणजे त्यांना दिलेला त्रास आहे. त्यांना वर्षभरासाठी इंदूर शाखेत परत आणायचा आदेश दिला आणि बँकेला पन्नास हजार रुपये खर्चही भरायला लावला. निकालात समितीबद्दलही होतं: बाहेरचा म्हणून घेतलेला सदस्य बँकेच्याच पॅनलवरचा वकील होता.

मी तो निकाल दोनदा वाचला. बदली आणि बाहेरचा सदस्य, दोन्ही माझ्या टेबलावर घडलेलं होतं. समितीत बाहेरचं माणूस कशासाठी, हे मला त्या दिवशी उमजलं. तक्रार करणारी त्या खोलीत एकटी शिरते. तिथं एक तरी माणूस असं हवं, ज्याचा पगार त्या इमारतीतून येत नाही. आम्ही सदस्य बदलला, ग्रामीण बायकांत वर्षानुवर्षं काम केलेल्या एका बाईंना घेतलं. पॅकिंगला पाठवलेल्या त्या मुलीला मी शोधून काढलं. राऊला तिचं आता पोहे-जिलबीचं दुकान आहे. मी माफी मागितली. तिनं चहा दिला, आणि माफ केलं की नाही ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.

कुणाला एकटं ठेवायचं नाही, याबाबत कर्णबधिर मुलांच्या वेळी मी निदान शहाणी झाले होते. क्रिंपिंगच्या मशीनशेजारी ठक-ठक आवाजानं सगळ्यांचं डोकं उठतं, तिथं दोन कर्णबधिर मुलगे घेतले. दोन, एक नाही, म्हणजे जेवताना हातांनी गप्पा मारायला कुणी असावं. मशीनला भोंग्याबरोबर लाल दिवा लावला. सहा महिन्यांत शेजारच्या चार-पाच जणांना खुणा येऊ लागल्या आणि गोंगाटात खुणा जास्त सोयीच्या म्हणून ऐकू येणारेही त्याच वापरू लागले. इंदूरमध्ये आता यांत्रिका नावाचं गॅरेज आहे, तिथं सगळ्या मेकॅनिक बायकाच, एकटी कुणीच नाही. मी माझी स्कूटर तिथं नेते. त्या एकमेकींना पाना मागतात ते ऐकत बसायला मला आवडतं.

तिसाचा आकडा मात्र डोक्यातून जात नव्हता. पाळणाघर नको म्हणून आम्ही तीस बायका मस्टरवर ठेवत होतो आणि लागतील तशा ठेकेदाराकडून आणत होतो. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं मनावर घेतलं असतं तर त्याही मोजल्या असत्या. बाळंतपण लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघराची मोजणी पन्नास कर्मचाऱ्यांवर ठेवली, बायका आणि पुरुष मिळून, तेव्हा ज्यानं कुणी ते लिहिलं त्याचे मी मनात आभार मानले. मोजताना फक्त बायका मोजल्या की बाई हा खर्च होतो. पण आमचं पाळणाघर त्याच्या पाच वर्षं आधी झालं. २०१२ मध्ये नवी ऑर्डर आली, हात कमी पडले आणि प्लांट हेडनं माझ्याकडे बायकांची यादी मागितली. मी म्हटलं, "यादी आहे. एकतिसावं नाव खोडणार नसाल तरच देते." ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, जुनी टूल रूम रिकामी आहे.

बागलीच्या मुलीला मी निरोप पाठवला होता. ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं, कुठं ते कुणाला सांगता आलं नाही. एकतिसावी म्हणून देपालपूरची एक विधवा मुलगी लागली, तिच्या मुलीला घेऊन.

टूल रूमला पिवळा रंग दिला, खिडक्यांना जाळी लावली, महूहून एक मावशी आणली. पहिल्या दिवशी चार मुलं होती, नंतर नऊ झाली. दुपारी लाइन थांबली की आया धावत यायच्या आणि मुलांच्या अंगाला टेपचा वास लागायचा.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी लोडिंगवरचा एक तरुण दाराशी येऊन उभा राहिला. कडेवर दीड वर्षाची मुलगी, हातात दुधाची बाटली, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. आत येईना. म्हणाला, बायको पलीकडच्या औषधाच्या कारखान्यात लागली आहे, तिथं असं काही नाही. इथं फक्त लेडीजच्या मुलांना घेतात का?

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडलं. रकाने छापलेले होते: मुलाचं नाव, वय, आईचं नाव, आईचा टोकन नंबर. मी त्याला आईचं नाव विचारलं. त्यानं बायकोचं सांगितलं, ते लिहिलं. टोकन नंबराच्या रकान्यात त्याचा नंबर लिहिला आणि मुलीला घ्यायला हात पुढं केले.